बॅरल कॅक्टसच्या अंगावरचा पाऊस: सोनोरन वाळवंटात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉनला, माझ्याकडे भारतातून पाहुणे आले की पहिल्याच सकाळी, चहाचा कप हातात घेऊन अंगणाच्या कडेला उभं असताना, एक प्रश्न हमखास येतो. "हा पिंपासारखा कॅक्टस कापला की आत पाणी असतं ना?" सिनेमात पाहिलेलं असतं. तसं पाणी नसतं, आणि का नसतं ते पुढे सविस्तर सांगते. पण त्या झाडात पाऊस साठवलेला असतो हे खरं आहे. शेवटचा चांगला पाऊस होऊन किती दिवस झाले, कडक ऊन कुठल्या बाजूने येतं, यंदा फळ धरलं की नाही, हे सगळं बॅरल कॅक्टसच्या अंगावर दिसतं. कुठे पाहायचं ते एकदा कळलं की साधी सकाळची फेरीसुद्धा भरगच्च होते.

ही माहिती ॲरिझोनात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि सुट्टीत मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांसाठी आहे. बॅरल म्हणून ओळखले जाणारे कॅक्टस बरेच आहेत. मी मुख्यतः एकाबद्दल सांगणार आहे, कारण टूसॉन-फिनिक्सकडे तोच पावलोपावली भेटतो: फिशहुक बॅरल, शास्त्रीय नाव फेरोकॅक्टस विस्लिझेनी. फ्रेडरिक विस्लिझेनस नावाचा जर्मनीत जन्मलेला डॉक्टर १८४६ मध्ये उत्तर मेक्सिकोच्या सफरीवर निघाला होता. त्याने जमवलेल्या वनस्पतींवर सेंट लुईसच्या जॉर्ज एंगेलमान यांनी काम केलं आणि १८४८ मध्ये या कॅक्टसला त्याचं नाव दिलं. मेक्सिकोत अशा गोल कॅक्टसना सरसकट 'बिस्नागा' म्हणतात.

निघण्यापूर्वी

मे ते सप्टेंबर या काळात सूर्य उगवायच्या वेळेला बाहेर पडा आणि आठ-साडेआठला परत या. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सियसच्या वर गेला होता. अतिउष्णतेचा इशारा असेल तेव्हा तिथल्या काही डोंगरवाटा दिवसा बंदच ठेवतात. विदर्भातल्या माणसाला ४५ अंशांचं कौतुक नसतं हे मला ठाऊक आहे. पण इथली हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, तो अंगावरच उडून जातो. तहान लागण्याची वाट पाहू नका. दोन तासांच्या फेरीलाही माणशी दोन लिटर पाणी घ्या.

पायात बंद बूट हवेत. खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. बॅरलसाठी नव्हे, त्याच्या शेजारी वाढणाऱ्या चोया कॅक्टससाठी. त्याची कांडी नुसत्या स्पर्शाने तुटून कपड्यांना आणि कातडीला चिकटते. हाताने ओढायला जाल तर हातही अडकतो. कंगवा कांडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायचा आणि एका झटक्यात ती उडवायची. आणखी एक गोष्ट: झुडपाखाली, दगडाआड, जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. सावली सापांनाही हवी असते.

आधी 'निवडुंग' या शब्दाचं बघू

आपल्याकडे काटेरी आणि मांसल असलं की निवडुंग. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाही. तो युफोर्बिया कुळातला. त्याला खरचटलं की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे, आणि तो मूळचा अमेरिका खंडातला. दोन्हींत फरक करायची खूण साधी आहे. कॅक्टसचे काटे एका छोट्या लोकरीच्या गादीतून झुबक्याने निघतात. या गादीला एरिओल म्हणतात. काटे, फुलं, नवे फुटवे सगळे त्या गादीतूनच येतात. युफोर्बियाला ती गादी नसते. ही खूण डोळ्यांत बसवून घ्या, पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे.

पायरी १: समोरचा बॅरलच आहे ना?

नवे लोक सर्वांत जास्त गोंधळतात ते लहान सग्वारो आणि बॅरल यांच्यात. सग्वारो म्हणजे हात वर केलेला तो उंच खांब. तो लहानपणी गोल गोळ्यासारखाच असतो. काटे पाहा. सग्वारोचे काटे सरळ असतात. फिशहुक बॅरलच्या प्रत्येक गादीतून मधोमध एक जाड, चपटा काटा निघतो आणि त्याचं टोक मासे पकडायच्या गळासारखं वळलेलं असतं. त्याच्या भोवती पांढरट, केसांसारखे बारीक काटे पसरलेले दिसतात.

गळ दिसत नसेल आणि लालसर-पिवळे वाकडे काटे इतके दाट असतील की हिरवं अंगच दिसत नाही, तर तो बहुधा कॅलिफोर्निया बॅरल, म्हणजे फेरोकॅक्टस सिलिंड्रेशियस. मोहावी वाळवंटाकडे आणि ग्रँड कॅन्यनच्या खालच्या भागात तो दिसतो. तो वसंतात फुलतो, आपला फिशहुक पावसाळ्यात. अंगणांत, हॉटेलांसमोर रांगेने लावलेले सोनेरी काट्यांचे गोळे असतील तर ते इथले नाहीतच. तो मेक्सिकोतला गोल्डन बॅरल. त्याच्याकडे शेवटी येते.

पायरी २: धारा आणि खाचा

इथे वेळ घालवा. मला बॅरलमध्ये सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

त्याच्या अंगावर वरून खाली उभ्या धारा असतात. मोठ्या झाडाला वीस-पंचवीस तरी. पेटीचा भाता डोळ्यांसमोर आणा. भाता दाबला की घड्या जवळ येतात, फुगला की उघडतात. बॅरलचं अंग तसंच चालतं. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात, आतला गर फुगतो, घड्या उघडतात आणि दोन धारांमधली खाच उथळ होते. महिनोन् महिने पाऊस नसला की गर आक्रसतो आणि खाच खोल, अरुंद होते. सालीला चीर न जाता हे वर्षानुवर्षं चालू राहतं. साधं गोल, गुळगुळीत पिंप असतं तर पहिल्याच मोठ्या पावसात साल फाटली असती.

म्हणून समोरच्या झाडाच्या खाचेत नीट पाहा. खाच सपाट होत आलेली आणि अंग टंच असेल तर गेल्या काही आठवड्यांत चांगला पाऊस झालेला आहे. खाचा इतक्या खोल असतील की धारा एकमेकींना टेकायला आल्यासारख्या दिसतात, तर झाड साठ्यावर दिवस काढतंय. जूनच्या मध्याला सगळीकडे हे दुसरं चित्र असतं.

हे मोजताही येतं. झाडाभोवती टेप फिरवायच्या फंदात पडू नका, काटे फिरवू देत नाहीत. मी करते ते असं: जाड कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायची, झाडाच्या एका ठरावीक उंचीवर शेजारशेजारच्या दोन धारांवरच्या गाद्या बघायच्या, आणि पट्टी मध्ये आडवी धरून त्या दोन गाद्यांमधलं अंतर पेन्सिलीने खुणवायचं. मागे तारीख लिहायची. गादी कुठली ते विसरू नये म्हणून फोटो काढून ठेवायचा. दर महिन्याला त्याच दोन गाद्या, तीच पट्टी.

इथे उन्हाळी पावसाला मान्सूनच म्हणतात, हे ऐकून आपल्या लोकांना गंमत वाटते. हवामान खात्याच्या हिशेबाने तो १५ जून ते ३० सप्टेंबर. टूसॉनला वर्षभरात सुमारे २७० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त या महिन्यांत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा पाऊस टूसॉनला साडेतीन वर्षांत होतो. तोही एकसारखा नाही. दुपारी ढग चढतात, अर्धा तास झोडपून काढतात, आणि संध्याकाळी माती वरून कोरडी. बॅरलचं सगळं शरीर त्या अर्ध्या तासासाठी बांधलेलं आहे.

पायरी ३: पायाखाली

मुळं दिसत नाहीत, पण कुठे आहेत ते माहीत हवं, कारण तुम्ही बहुधा त्यांच्यावरच उभे असता. वाळवंटातलं झाड म्हणजे खोल मुळं अशी आपली समजूत. इथल्या मेस्किटच्या झाडाबाबत ती खरी आहे. बॅरलचं उलट आहे. पार्क नोबेल या संशोधकाने १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या बॅरलचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुळांची सरासरी खोली भरली अवघी ८ सेंटिमीटर. एका वितीच्याही आत. खोलवर पाणी पोचतच नाही, तर तिथे मुळं धाडून करायचं काय? वरच्या थरात पसरून राहायचं आणि पाऊस आला की तो उडून जायच्या आत उचलायचा. माती भिजली की जुन्या मुळांना बारीक नवी मुळं फुटतात, पुन्हा सुकली की ती गळून जातात. सुक्या मातीने झाडातलं पाणी उलट ओढून घेऊ नये, यासाठीही ते बरंच.

म्हणून झाडाच्या अगदी बुडाशी जाऊन उभे राहू नका. फोटोसाठी चार पावलं लांबून वाका.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. माती इतकी सुकली की मुळांना तिच्यातून काही मिळेना, तरीही सुमारे ४० दिवस त्या झाडाची रंध्रं, म्हणजे हवा आत घ्यायची बारीक छिद्रं, रात्री उघडत राहिली (रात्रीच का, ते पुढे येईल). साठ्यावर. त्यानंतर मात्र त्याने दारं लावून घेतली.

पायरी ४: काट्यांकडे काटे म्हणून पाहू नका

कॅक्टसचे काटे म्हणजे रूप बदललेली पानं. रुंद पान असतं तर पाणी उडालं असतं. ते काम हिरव्या खोडाने घेतलं, आणि पानांचे झाले काटे. जनावरांपासून राखण हे त्यांचं एक काम झालं. दुपारी बाराच्या उन्हात झाडाकडे पाहिलंत तर दुसरं काम दिसेल: काट्यांची सावली. इथे उन्हाळ्यात जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो, आणि त्या जमिनीलगत हे झाड उभं असतं. शेंड्यावर काटे सर्वांत दाट असतात आणि खाली लोकरीसारखा थर असतो, कारण कोवळी वाढ तिथे होते. हिवाळ्यातल्या रात्रीच्या गारठ्यापासूनही तोच थर शेंड्याला सांभाळतो.

पाऊस थांबल्याबरोबर बाहेर जायला मिळालं तर जरूर जा. एरवी करडे, मळकट दिसणारे जाड काटे ओले झाले की लाल उठतात. पाहुण्यांना ते दाखवायला मिळावं म्हणून मी कधीकधी अंगणातल्या झाडावर थोडं पाणी शिंपडते.

काटे असूनही खाणारे खातातच. डोंगरातल्या रानमेंढ्या, ज्यांना इथे बिगहॉर्न म्हणतात, कॅलिफोर्निया बॅरल फोडून आतला गर खाताना अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. फुटलेलं, आतून पोखरलेलं बॅरल दिसलं तर लगेच माणसाला दोष देऊ नका.

पायरी ५: झुकाव

फोनमधलं होकायंत्र उघडा. फिशहुक बॅरल बहुतेक वेळा दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे कललेला असतो. इथले लोक त्याला कंपास बॅरलही म्हणतात. कडक ऊन ज्या बाजूला लागतं तिथली वाढ मंदावते, मागची बाजू किंचित जास्त वाढते, आणि झाड हळूहळू उन्हाकडे वाकतं. शेंडा असा उन्हाला सामोरा राहतो.

पण एकाच झाडावर विश्वास ठेवून रस्ता शोधायला निघू नका. उतारावरचा, मोठ्या झाडाच्या सावलीतला, दगडाला टेकलेला बॅरल कुठेही कललेला सापडेल. मुलं बरोबर असतील तर एक खेळ करा: वाटेतले दहा बॅरल निवडायचे, प्रत्येकाची दिशा वहीत लिहायची, शेवटी मोजायचं. बहुमत कुठे जातं ते त्यांचं त्यांना कळू दे.

खूप म्हातारा बॅरल एवढा कलतो की एखाद्या मोठ्या पावसानंतर, अंगात पाणी भरून वजन वाढलेलं आणि माती मऊ झालेली असताना, उन्मळून पडतो. उथळ मुळांची ही किंमत. पडल्यावरही तो लगेच मरत नाही, साठा असेपर्यंत जगतो. आमच्या फेरीच्या वाटेवर असा एक आडवा झालेला होता, त्याने त्या पावसाळ्यात फुलंही धरली. मी दर आठवड्याला त्याला बघायला जायचे. ही झाडं पन्नास ते शंभर वर्षं जगतात. कमरेएवढा बॅरल दिसला तर तो बहुधा तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेल.

पायरी ६: डोक्यावरचं गोकुळ

जुलै ते सप्टेंबर. शेंड्याभोवती गोल फेर धरून फुलं येतात, नारिंगी, कधी पिवळी, कधी लालसर. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ती उघडतात. तेवढ्या उन्हात डोंगरवाटेवर थांबू नका, अंगणातल्या झाडाजवळ थोडा वेळ शांत उभे राहा. डायडासिया जातीच्या एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या फुलात शिरून पुंकेसरांत अक्षरशः लोळताना दिसतील. त्यांचा सगळा संसार कॅक्टसच्या परागावर चालतो.

मग फुलांवरून नजर काढून गाद्यांजवळ न्या. तिथे मुंग्या असतील. शेंड्याजवळच्या गाद्यांत बारीक बोथट काट्यांसारख्या मधाच्या ग्रंथी असतात आणि त्यांतून गोड थेंब सुटतो. फुलाशी त्याचा काही संबंध नाही. हा पगार आहे, राखणदारांचा. फळांतला रस शोषणारे ढेकणासारखे किडे आले की मुंग्या त्यांच्यावर तुटून पडतात. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारं झाड भर उन्हाळ्यात साखरपाणी वाटतं, यावरून त्याला त्या मुंग्यांची किती गरज असेल ते समजा.

फळं पिवळीधमक, छोट्या अननसाच्या आकाराची, आणि त्यांना काटे नसतात. ती कित्येक महिने डोक्यावर तशीच बसून राहतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या पाहुण्यांना ती फुलंच वाटतात. खारी, पक्षी, हरणं, आणि डुकरासारखे दिसणारे हावेलिना ती खातात. माणसालाही चालतात. चव लिंबाकडे झुकणारी, गर भेंडीसारखा बुळबुळीत. मी स्वतःच्या अंगणातल्या चार-पाच फळांची गूळ आणि तिखट घालून चटणी करते, आणि काळ्या बारीक बिया वेगळ्या काढून भाजते. राष्ट्रीय उद्यानातल्या किंवा दुसऱ्याच्या जागेतल्या फळांना हात लावू नका.

रात्री काय चालतं

हा भाग डोळ्यांना दिसत नाही, पण यावाचून बाकीचं सगळं अपुरं आहे. झाडाला अन्न करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो घ्यायला रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी उडतं. दिवसा ४२ अंशांत ती उघडणं म्हणजे दिवाळं. बॅरल ती रात्री उघडतो. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतो. सकाळी दारं बंद. मग दिवसभर ते आम्ल थोडंथोडं मोडत, आतल्या आत, उन्हाच्या जोरावर साखर करतो. नोबेल यांच्या मोजणीत त्या बॅरलने वर्षभरात एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधायला सुमारे ७० ग्रॅम पाणी खर्च केलं. गहू-भातासारख्या पिकांना याच्या कितीतरी पट लागतं.

या युक्तीचा एक जुना धागा भारतातून येतो. बेंजामिन हाइन हा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात असताना पानफुटीची पानं चाखत होता. ती सकाळी आंबट लागायची आणि दुपारपर्यंत बेचव व्हायची. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. आपल्या परसात पानफुटी असेल तर तुम्हीही हे करून पाहा, मात्र चाखू नका, ते झाड पोटात घेण्यासारखं नाही. पहाटे एक पान आणि संध्याकाळी एक पान ठेचून पीएच कागदावर दाबा. रंग वेगवेगळे येतील. तेच बॅरलच्या पोटात चालतं.

आता ते पाणी

बॅरल कापला तर आत मोकळं पाणी नसतं. पांढरा, चिकट, काकडीच्या गाभ्यासारखा गर असतो, तोही चिवट. पिळून जे निघतं त्यात ऑक्झॅलिक आम्ल आणि इतर द्रव्यं असतात. बहुतेक जातींचा रस पोटात गेला की मळमळ, उलट्या, जुलाब. आधीच पाणी कमी झालेल्या माणसाला जुलाब लागले तर काय होईल, सांगायला नको. कॅलिफोर्नियाच्या आखाताकाठी राहणाऱ्या सेरी लोकांना कुठला बॅरल अडीअडचणीला चालतो आणि कुठला माणसाला आजारी पाडतो याची पक्की पारख होती. ती त्यांनी पिढ्यान् पिढ्या त्याच भूमीत राहून मिळवलेली. सिनेमा पाहून ती येत नाही.

मला खरा राग येतो तो नुसतं बघायला म्हणून कापणाऱ्यांचा. डोंगरवाटेवर टोपीसारखा वरचा भाग उडवलेला बॅरल पाहिला आहे मी. वाढीचा शेंडाच गेलेला. पन्नास उन्हाळे काढलेलं झाड एका कुतूहलापायी मोडायचं, आणि आत पाणी नाही म्हणून टाकून चालू लागायचं. ॲरिझोनात हा गुन्हाही आहे. देशी झाडांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. जमीनमालकाची परवानगी आणि राज्याचा परवाना असल्याशिवाय रानातला बॅरल उपटता येत नाही. एके काळी याच गराची साखरेत मुरवलेली मिठाई विकायला असायची, आणि तिच्यापायी झाडं बेसुमार तोडली गेली.

अंगणात लावायचा असेल तर

रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेला घ्या. बांधकामाच्या जागेवरून सोडवलेला मोठा बॅरल घ्यायचा असेल तर त्यावर शासनाचं टॅग आहे का ते पाहा. नसेल तर स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

लावताना नवे लोक एक चूक करतात, ती मीही केली आहे: दिशेची. झाडाची दक्षिण बाजू उन्हाला सरावलेली, जाड सालीची असते. उत्तर बाजू कोवळी. उलटं लावलं की कोवळी बाजू भाजते, पिवळा-पांढरा डाग पडतो आणि तो कायम राहतो. उचलण्याआधीच दक्षिणेच्या बाजूला खडूने किंवा रिबिनीने खूण करा आणि नव्या जागी ती बाजू दक्षिणेलाच ठेवा. पूर्वी मातीत होता त्याहून खोल पुरू नका. खड्ड्यात खत नको. मुळांना झालेल्या जखमा सुकाव्यात म्हणून पहिला आठवडाभर पाणी देऊ नका. हातमोज्यांवर विसंबण्यापेक्षा जुन्या गालिच्याची पट्टी झाडाभोवती गुंडाळा आणि दोघांनी दोन टोकं धरून उचला.

पुण्या-मुंबईच्या गच्चीत

भारतातल्या रोपवाटिकांत मिळतो तो गोल्डन बॅरल, मेक्सिकोच्या केरेतारो आणि हिडाल्गो राज्यांतल्या खडकाळ उतारांवरचा. जगभरच्या बागांत तो लाखोंनी असेल, पण मूळ जागी तो धोक्यात आहे. १९९० च्या दशकात झिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याच्या वस्तीचा मोठा भाग गेला, आणि चोरून उपटणारेही होतेच. म्हणून बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या. परदेशातून येताना सामानात कॅक्टस घालून आणू नका. जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं आणि कागदपत्रांशिवाय ते सीमेपार नेता येत नाही.

कुंडीत निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, बारीक खडी किंवा विटांचा चुरा ठेवा, उरलेली माती. पाणी द्याल तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत द्या, आणि मग माती तळापर्यंत सुकेस्तोवर विसरून जा. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवस, हिवाळ्यात महिनाभर. रोज चमचाभर पाणी घालणं हा कॅक्टस मारायचा खात्रीचा उपाय आहे, वाळवंटात असा पाऊस कधी पडत नाही. आपल्या पावसाळ्यात मात्र त्याला छपराखाली, पण भरपूर उजेडात हलवा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही हमखास कुजण्याची वेळ. बुड मऊ आणि तपकिरी लागलं तर समजा की उशीर झाला. खाचांमध्ये कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढा. फुलांची घाई करू नका, हा कॅक्टस फुलायला वीसेक वर्षं घेतो.

वर्षभराची वही

एकच झाड निवडा, रोजच्या वाटेवरचं, आणि त्यालाच धरून राहा. जूनमध्ये पहिली कागदी पट्टी खुणवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवसांनी दुसरी, आणि दोन्ही शेजारी ठेवा. ऑगस्टमध्ये फुलं मोजा, मुंग्या कुठल्या गाद्यांवर येतात ते टिपा. ऑक्टोबरात फळं धरली असतील, तीही मोजा, किती फुलांची किती झाली ते कळेल. जानेवारीत अंगणातलं एक फळ हलकेच फिरवून काढा. बुडाशी भोक पडतं आणि तळहातावर काळ्या बियांचा ढीग होतो, शेकड्यांनी. मग त्या झाडाच्या आसपास, एखाद्या झुडपाच्या किंवा गवताच्या सावलीत, सुपारीएवढं रोप शोधा. उघड्यावर पडलेली बी बहुधा टिकत नाही. पहिली काही वर्षं दुसऱ्या कुणाची सावली मिळाली तर बॅरल जगतो. ते रोप शोधायला मला दोन हिवाळे लागले होते. ज्या झुडपाखाली ते सापडलं, तिथे मी तीन दगड मांडून ठेवले आहेत, कुणाचा पाय पडू नये म्हणून.